ब्रेकचे गिऱ्हाईक कोण?

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट दुचाकीच्या ब्रेकची पुरी परीक्षा घेतो. वर साडेतेराशे मीटरच्या आसपासची उंची, खाली सावित्रीकाठचे पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला, आणि मध्ये सुमारे ४० किलोमीटरची वळणे. साधी १०० सीसीची गाडी, तिच्यावर दोन माणसे आणि मागे बांधलेले सामान मिळून २८० किलो वजन धरले, तर एवढे उतरताना साडेतीन मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत बारा लिटर पाणी उकळीला येते. तिच्यातला काही भाग वारा खातो, काही टायर खातात, आणि गाडी गिअरमध्ये असेल तर बराचसा भार इंजिन उचलते. उरलेली उष्णता तळहाताएवढ्या घर्षणपट्टीवर येते. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे लोक या भागात कमी नाहीत. त्यांच्या गाडीत इंजिनचा वाटाही ब्रेकलाच उचलावा लागतो.

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांना असे उतार चहूबाजूंनी आहेत. महाडहून भोरकडे जाणारा वरंध घाट, महाबळेश्वरकडे आंबेनळी, खेडकडे कशेडी. कशेडीला २०२३च्या गणपतीत बोगदा पहिल्यांदा हलक्या वाहनांसाठी उघडला आणि मुंबई-गोवा महामार्गावरच्या दुचाकीस्वाराची निदान तेवढी वळणे चुकू लागली. बाकीचे दोन घाट होते तसेच आहेत. त्यात गावागावांतून वर डोंगरवाड्यांकडे गेलेले, कुठे डांबराचे, कुठे मातीचे रस्ते. दूध, भाजी, शाळेची मुले, आजारी माणूस, एमआयडीसीची रात्रपाळी, सगळे दुचाकीवर. एसटीची फेरी चुकली की दुसरे वाहन नाही.

मोटारसायकलच्या ब्रेकच्या जागतिक मागणीचा आढावा इथून घेण्याचे कारण एवढेच की ब्रेकची सर्वांत जास्त गरज जिथे आहे, त्या ठिकाणाहून हा बाजार पाहिला तर त्याची रचना लगेच ध्यानात येते. बाजाराच्या भाषेत मागणी करणारे दोघे आहेत. एक, नवी गाडी बनवणारी कंपनी. दुसरा, झिजलेला भाग बदलणारा मेकॅनिक. पहिल्याची मागणी कायद्याने ठरते, दुसऱ्याची खिशाने. घाट उतरणारा माणूस या दोघांच्या मागे उभा आहे, आणि त्याला काय हवे हे विचारण्याची सोय दोन्हीकडे नाही.

आधी मोजमापाची अडचण. ‘जागतिक मोटारसायकल ब्रेक बाजार इतक्या अब्ज डॉलरचा’ असे अहवाल दरवर्षी निघतात आणि त्यांतले आकडे एकमेकांशी फारसे जुळत नाहीत. कारण सोपे आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारात प्रत्येक मालाला सीमाशुल्काचा सहा अंकी संकेतांक असतो. मोटारींच्या ब्रेकसाठी ८७०८.३० असा स्वतंत्र क्रमांक आहे. मोटारसायकलच्या ब्रेकसाठी तसा नाही. मोटारसायकलचे सुटे भाग ८७१४.१० या एकाच क्रमांकाखाली जातात. कॅलिपर, सीट, सायलेन्सर सगळे एकत्र. घर्षणद्रव्यांसाठी ६८१३ हा क्रमांक आहे खरा, पण तो धातूच्या पट्टीवर अजून न बसवलेल्या लायनिंगचा आणि त्यात ट्रकपासून यंत्रांपर्यंत सगळ्यांचे लायनिंग येते. म्हणजे कोणत्या देशाने दुचाकीचे किती ब्रेक पॅड आयात केले हे सरकारी नोंदीतून वेगळे काढताच येत नाही. अहवालवाले अंदाज बांधतात. ते अंदाज कंपन्यांना उपयोगी असतील. मी मात्र गाड्यांच्या संख्येवर विसंबतो, कारण प्रत्येक गाडीला दोन चाके आणि प्रत्येक चाकाला एक ब्रेक हे गणित कुठे बदलत नाही.

त्या गणितात भारत आघाडीवर आहे. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेच्या आकड्यांनुसार २०२४-२५ मध्ये देशात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या, आणखी ४२ लाखांच्या आसपास निर्यात झाल्या. इंडोनेशियाचा वार्षिक खप ६० लाखांच्या थोडा वर आहे, व्हिएतनामचा त्याच्या निम्म्याहून कमी. युरोप आणि अमेरिकेत गाड्यांची संख्या थोडी, पण एकेका गाडीवरच्या ब्रेकची किंमत मोठी: पुढे दोन डिस्क, चार पिस्टनचे कॅलिपर, चाक लॉक होऊ न देणारे प्रगत एबीएस. त्यामुळे रुपयांत मोजलेला बाजार आणि नगांत मोजलेला बाजार वेगवेगळे दिसतात. नगांचा बाजार आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत आहे. पुण्याच्या बजाज कंपनीची बॉक्सर नायजेरियात भाड्याने धावते, युगांडा-केनियात ‘बोडा बोडा’ नावाच्या भाड्याच्या दुचाकीवर तीन-तीन माणसे बसतात, कोलंबियाच्या डोंगराळ शहरांत भारतीय गाड्या चढ-उतार करतात. त्या चालकाचा दिवस आणि पोलादपूरच्या वाडीवर माल पोचवणाऱ्याचा दिवस यांत फार अंतर नाही.

आता कायद्याचा भाग, कारण गेल्या दहा वर्षांत या बाजाराने जे मोठे वळण घेतले ते कायद्यामुळे. तंत्र जुने आहे. १९६९ साली होंडाच्या सीबी ७५० वर पुढची हायड्रॉलिक डिस्क कारखान्यातूनच बसवून आली. १९८८ साली बीएमडब्ल्यूने के १०० या गाडीवर इलेक्ट्रॉनिक एबीएस दिले. आपल्याकडे १९९९ची हिरो होंडा सीबीझी ही पुढे डिस्क असलेली गाडी तरुणांच्या स्वप्नात होती, आणि २०११ मध्ये टीव्हीएसच्या अपाचे आरटीआर १८० वर एबीएस आले. पण तंत्र उपलब्ध असणे आणि त्याला मागणी असणे यांत दशके जातात. युरोपीय संघाने २०१६ पासून १२५ सीसीवरच्या नव्या मॉडेलांना आणि २०१७ पासून त्या वर्गातल्या सगळ्याच नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक केले. जपानने २०१८ च्या ऑक्टोबरात सुरुवात केली. भारतात १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलांना आणि १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या दुचाकींना नियम लागू झाला: १२५ सीसीच्या वर एबीएस, १२५ सीसी आणि त्याखाली निदान कॉम्बी ब्रेक, म्हणजे सीबीएस. अमेरिकेत असा कायदा आजही नाही, तिथे एबीएस ग्राहकाच्या पसंतीवर चालते.

सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. स्वस्त गाडीवर हे काम एक जोडकेबल करते. याचा फायदा आहे, कारण आपल्याकडे पुढच्या ब्रेकची भीती पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. ‘पुढचा दाबू नको, पलटी होशील’ हे वाक्य गाडी शिकताना प्रत्येकाने ऐकलेले असते. वास्तविक जोरात ब्रेक लावल्यावर वजन पुढच्या चाकावर येते आणि थांबवण्याची दोन तृतीयांशाहून जास्त ताकद तिथेच असते. मागचे चाक हलके झालेले असते, ते चटकन लॉक होते आणि ओल्या रस्त्यावर गाडी आडवी जाते. सीबीएस एवढे करते की भीतीमुळे न वापरलेला पुढचा ब्रेक आपोआप थोडा वापरात येतो. चाक लॉक होणे मात्र ते थांबवत नाही. ते काम एबीएसचे.

एबीएसने किती फरक पडतो? अमेरिकेतल्या ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’च्या २०१३च्या अभ्यासात एबीएस असलेल्या गाड्यांचा प्राणघातक अपघातांचा दर त्याच मॉडेलच्या बिन-एबीएस गाड्यांपेक्षा ३१ टक्के कमी आढळला, नंतरच्या विश्लेषणात हा फरक २२ टक्क्यांच्या आसपास आला. त्या गाड्या मोठ्या, रस्ते वेगळे, हे लक्षात घेऊनही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. आपल्याकडे २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरात चव्वेचाळीस. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच हा आकडा. एवढी माणसे जात असताना ‘एबीएस परवडत नाही’ हा युक्तिवाद मला पटत नाही.

त्या युक्तिवादाचा प्रसंग जून २०२५ मध्ये आला. मंत्रालयाने मसुदा अधिसूचना काढून १ जानेवारी २०२६ पासून लहान गाड्यांनाही एबीएस बंधनकारक करण्याचा आणि नव्या गाडीसोबत दोन हेल्मेट देण्याचा प्रस्ताव मांडला. वाहन उद्योगाने किंमत वाढेल आणि एवढी एबीएस यंत्रणा इतक्या लवकर मिळणार नाही, असे सांगून मुदत मागितली. पुरवठ्याची अडचण खोटी नाही. देशात विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य दुचाकी १२५ सीसी किंवा त्याखालच्या आहेत, म्हणजे ढोबळ हिशेबाने दरवर्षी दीड कोटींच्या घरात नवे एबीएस लागेल. जगात एवढ्या संख्येने ते बनवू शकणारे कारखाने तेव्हा मोजकेच होते: बॉश, कॉन्टिनेंटल, निस्सिनला सामावून घेतलेली जपानची अॅस्टेमो, आणि परवान्याने बनवणाऱ्या काही कंपन्या.

शिवाय एबीएस एकटे येत नाही, आणि या मुद्द्याकडे चर्चेत कमी लक्ष जाते. केबलने ओढल्या जाणाऱ्या ड्रमवर दुचाकीचे एबीएस चालत नाही, त्याला तेलाचा दाब लागतो. म्हणजे पुढच्या चाकाला ड्रम जाऊन डिस्क आली पाहिजे. डिस्कसोबत कॅलिपर, पॅड, मास्टर सिलिंडर, होज पाइप, ब्रेक ऑइल आणि चाकाच्या वेगाचा सेन्सर. बजाजने डिसेंबर २०२२ मध्ये प्लॅटिना ११० वर पुढे डिस्क आणि एबीएस देऊन ते या किमतीच्या गाडीत बसू शकते हे दाखवून दिले. एका नियमाने एका सुट्या भागाची मागणी वाढते असे समजणे चूक आहे. सगळी साखळी बदलते, आणि त्यासोबत मेकॅनिकचे कामही.

ही साखळी महाडपासून फार लांब नाही. वरंध घाट चढून भोरमार्गे पुणे गाठले की पुढे चाकण. तिथे बजाजचा कारखाना १९९९ पासून उभा आहे, पल्सर आणि केटीएम तिथेच बनतात. बॉशचा दुचाकी एबीएसचा कारखानाही चाकणलाच. इटलीतल्या बर्गामोजवळ १९६१ साली सुरू झालेल्या ब्रेंबो कंपनीने पुण्यात आधी कल्याणी ब्रेक्ससोबत केबीएक्स ही भागीदारी केली, २००८ मध्ये ती पूर्ण स्वतःकडे घेतली आणि लहान-मध्यम गाड्यांसाठी ‘बायब्रे’ हा ब्रँड काढला. शर्यतीच्या गाड्यांना ब्रेक पुरवणाऱ्या कंपनीला भारतीय रस्त्यावरच्या गाडीसाठी निराळा ब्रँड आणि निराळा कारखाना उभारावा लागला, यावरून या बाजाराचे वजन कळते.

दुसरे नाव वाळूजच्या एंड्युरन्सचे. अनुरंग जैन यांनी १९८५ साली औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, अॅल्युमिनियमच्या ओतकामापासून सुरुवात केली. आज ती कंपनी सस्पेन्शन, क्लच आणि ब्रेक बनवते, २०१६ पासून शेअर बाजारात आहे, आणि २०२० मध्ये तिने इटलीतली ग्रिमेका ही दुचाकीचे ब्रेक बनवणारी आणि अॅडलर ही क्लच बनवणारी कंपनी विकत घेतली. इटलीची कंपनी चाकणला आली आणि मराठवाड्यातली कंपनी इटलीला गेली, दोन्ही एकाच बाजारासाठी. या दोन्हींच्या जोडीला पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही १९६६ची संस्था आहे, जिथे नव्या गाडीचे ब्रेक नियमाप्रमाणे थांबतात की नाही हे तपासून प्रमाणपत्र मिळते. ब्रेक शूच्या धंद्यात मात्र महाराष्ट्र पहिला नाही; तिथे गुरुग्रामची एएसके ऑटोमोटिव्ह मोठी, आणि लायनिंगमध्ये चेन्नईच्या कंपन्या जुन्या.

महाडच्या एमआयडीसीत गाड्यांचे भाग बनत नाहीत असेच म्हणावे लागेल. ती वसाहत रसायनांची. पण ब्रेक पॅड हा मुळात रसायनाचाच पदार्थ आहे. फिनॉलिक रेझिनच्या बंधात पोलादाचे तंतू, अॅरॅमिड, ग्रॅफाइट, बॅराइट, रबराची भुकटी असे दहा-वीस घटक मोजून मिसळायचे, साच्यात गरम दाबाखाली धरायचे आणि मग भट्टीत पक्के करायचे. कोणता घटक किती, हे प्रत्येक कंपनीचे गुपित. ओल्या रस्त्यावर पकड टिकावी, तापल्यावर सुटू नये, डिस्क खाऊ नये, आवाज करू नये, अशा परस्परांना विरोध करणाऱ्या अपेक्षांचा मेळ त्या मिश्रणात घालावा लागतो. रसायनात पदवी घेऊन एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या इथल्या मुलामुलींना हे शास्त्र परके नाही. ब्रेकच्या उद्योगात शिरायचे तर लेथ मशीनच हवे असे नाही, प्रयोगशाळेच्या दारानेही शिरता येते. हे कुणीतरी त्यांना सांगायला हवे.

आता दुसरे गिऱ्हाईक, झिजलेला भाग बदलणारे. नव्या गाडीच्या ब्रेकची खरेदी एकदाच होते. पुढे दहा-पंधरा वर्षे गाडी चालते आणि त्या काळात शू, पॅड, केबल, तेल कितीतरी वेळा बदलावे लागते. भारतातल्या वाहन-सुट्या भागांच्या उद्योगाची २०२४-२५ची उलाढाल ‘अॅक्मा’ या संघटनेने ६ लाख ७३ हजार कोटी रुपये सांगितली, तीत बदली मालाचा बाजार एक लाख कोटींच्या जवळ. तो सगळ्या वाहनांचा आणि सगळ्या भागांचा. ब्रेकचा वाटा वेगळा नोंदलेला नाही. पण कोणत्याही गॅरेजच्या भिंतीवर लटकणारी पाकिटे पाहिली तरी शू आणि पॅड हा रोजचा खप आहे हे दिसते.

महाडच्या बाजारपेठेत, बिरवाडीत, पोलादपूरच्या स्टँडजवळ, महामार्गाच्या कडेला असलेल्या गॅरेजांत गाडी आली की मेकॅनिक एकच विचारतो: कंपनीचा टाकू की लोकल? कंपनीचा म्हणजे गाडीच्या उत्पादकाच्या पाकिटातला. मधल्या पायरीवर नावाजलेल्या लायनिंग कंपन्यांचा माल, जो बऱ्याचदा गाडीच्या कंपनीलाही त्याच पुरवतात. खालच्या पायरीवर नाव नसलेला, किंवा नावाची नक्कल केलेला. तिन्ही पाकिटे दिसायला सारखी. फरक पडतो तो घाटात. हलक्या रेझिनचा लायनर तापला की त्यातून वायू सुटतो, घर्षण एकदम कमी होते, पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत होऊन बसतो आणि नंतर थंड झाला तरी पूर्वीसारखा पकडत नाही. काही मालात लायनिंग शूला नीट चिकटवलेलेच नसते. ते सुटून ड्रममध्ये अडकले तर चाक जाम होते. सपाट रस्त्यावर शहरात महिनोन्‌महिने न कळणारा दोष आंबेनळीत एका उतारात उघडा पडतो.

गिऱ्हाइकाला दोष देणे सोपे आहे, पण योग्य नाही. भाताच्या हंगामात ज्याच्या हाती रोख पैसे नाहीत तो शंभर रुपये वाचवणारच, आणि त्याच्यासमोर ठेवलेल्या दोन पाकिटांत काय फरक आहे हे सांगणारी कोणतीही खूण पाकिटावर नाही. हेल्मेटसाठी २०२१ पासून भारतीय मानकाचे चिन्ह सक्तीचे आहे. हेल्मेट खरेदी करणारा माणूस निदान आयएसआयची खूण बघतो. ब्रेकच्या लायनिंगलाही भारतीय मानक आहे, आयएस २७४२. ते बनवणाऱ्याला माहीत, तपासणाऱ्याला माहीत. पोलादपूरच्या गिऱ्हाइकाला त्याचे नावही ठाऊक नाही आणि दुकानदारही ते कधी विचारत नाही. हेल्मेट अपघातानंतर डोके वाचवते, ब्रेक अपघातच होऊ देत नाही. मग खूण बघण्याची सवय एकाला लावली आणि दुसऱ्याला का नाही?

पाऊस हा या भागातला वेगळा विषय. महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, महाबळेश्वरला त्याच्या जवळजवळ दुप्पट. लाल मातीचे पाणी ड्रममध्ये शिरते, बारीक कण लायनर आणि ड्रम दोन्हींना घासतात, ब्रेकचा कॅम गंजून परत फिरत नाही आणि शू घासत राहतो. २२ जुलै २०२१च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले, त्याच दिवशी तळिये गावात दरड कोसळली. त्या पुरात बुडालेल्या दुचाकींचे इंजिन लोकांनी प्रथम बघितले, आणि ते साहजिकच होते. पण पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचे दोन्ही ड्रम उघडून गाळ काढणे, शू बदलणे आणि डिस्क असेल तर ब्रेक ऑइल नवे भरणे हे इंजिनइतकेच तातडीचे असते. इंजिन बिघडले तर गाडी चालत नाही. ब्रेक बिघडला तरी गाडी चालते, आणि धोका त्यातच आहे.

ब्रेक ऑइलबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण डिस्क वाढतील तसा हा प्रश्न प्रत्येक घरात येणार आहे. ड्रमच्या गाडीत तेल नसते, रॉड किंवा केबल असते. त्यामुळे ब्रेक ऑइल बदलायचे असते हेच अनेकांना माहीत नाही. हे तेल हवेतले पाणी शोषते. डॉट ४ प्रतीचे नवे तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरले की मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ असेल तर २०५ वरून १४०. कोकणातल्या दमट हवेत हे मुरणे लवकर होते. घाट उतरताना कॅलिपर तापला, जुन्या तेलात वाफेचे बुडबुडे झाले, की लिव्हर हँडलपर्यंत येते आणि गाडी थांबत नाही. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही, एवढाच त्यातला भौतिकशास्त्राचा भाग. पाच मिनिटे थांबून गाडी थंड झाली की ब्रेक परत येतो, आणि ‘घाटात ब्रेक गेला होता, आता ठीक आहे’ म्हणून माणूस पुढे निघतो. साधारण दोन वर्षांनी तेल बदला असे बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत छापलेले असते. आमच्या भागात मी तर म्हणेन, दर पावसाळ्यानंतर तपासा. नवे तेल भरून एअर नीट काढणारा मेकॅनिक प्रत्येक गावात नाही; जिथे आहे तिथे त्याच्या कामाचे पैसे द्यायला लोक कुरकुर करतात, कारण बदललेले काही डोळ्यांना दिसत नाही.

आणखी एक गोष्ट, जी बाजाराच्या अहवालांत एका ओळीत येते आणि गॅरेजमध्ये रोज घडते. शू बदलताना ड्रममधली काळी भुकटी कंप्रेसरच्या हवेने उडवतात, आणि मेकॅनिक, त्याच्याकडे शिकणारा पोरगा आणि बाजूला बसलेले गिऱ्हाईक ती श्वासात घेतात. चांगल्या कंपन्यांचे लायनर आता अॅस्बेस्टॉसविना असतात. युरोपीय संघाने २००५ पासून अॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपल्याकडे क्रिसोटाइल अॅस्बेस्टॉसची आयात चालू आहे, आणि सीमाशुल्काच्या संकेतांकांत अॅस्बेस्टॉस असलेल्या घर्षणद्रव्यांसाठी ६८१३.२० हा क्रमांक आजही जिवंत आहे. व्यापार नसता तर त्याची गरज पडली नसती. बिननावाच्या पाकिटात काय आहे हे कुणी सांगू शकत नाही. ओल्या फडक्याने ड्रम पुसला तर भुकटी उडत नाही. या साध्या गोष्टीसाठी सरकारी योजनेची वाट पाहायची गरज नाही.

जगातल्या आकड्यांकडे परत पाहिले की एक विसंगती खटकत राहते. नव्या गाडीच्या ब्रेकवर नियम आहेत, चाचणी आहे, प्रमाणपत्र आहे. हीच गाडी पहिले शू झिजवून गॅरेजमध्ये आली की पुढच्या आयुष्यभर तिच्या ब्रेकवर कुणाची नजर नसते. नायजेरियात हेच, कोलंबियात हेच. चीन आणि भारत दोन्हीकडून स्वस्त बदली माल जगभर जातो, आणि जिथे रस्ते सर्वांत वाईट तिथे सर्वांत हलका माल पोचतो. कायद्याने एबीएस आणणे मी महत्त्वाचे मानतो. तरी हलका पॅड बसवलेले एबीएस चाक लॉक होऊ देणार नाही एवढेच. थांबायला लागणारे अंतर पॅडच ठरवणार. बदली मालावर भारतीय मानकाची (बीआयएसची) खूण, पाकिटावर उत्पादकाचे नाव आणि तारीख, आणि दुचाकी ब्रेकसाठी संकेतांकात वेगळा क्रमांक, या तीन गोष्टी झाल्या तर मागणीचे चित्रही स्पष्ट होईल आणि मालही सुधारेल. पहिल्या दोन दिल्लीच्या हातात आहेत, आणि एबीएसच्या अधिसूचनेपेक्षा त्यांना कमी खर्च येईल. तिसरी जागतिक सीमाशुल्क संघटनेकडे जाते, पण भारताच्या आठ अंकी संकेतांकात ती उद्याही करता येते.

शेवटी विजेच्या गाड्या. त्यांच्यामुळे ब्रेकची मागणी घटेल असा अंदाज वारंवार वाचायला मिळतो. कारण थ्रॉटल सोडले की मोटर उलट काम करून बॅटरीत वीज भरते आणि तेवढा भार ब्रेकवरून उतरतो. शहरात हे खरे ठरेल. पॅड जास्त दिवस टिकतील. पण न वापरलेल्या कॅलिपरच्या पिना आणि पिस्टन कोकणच्या हवेत गंजून जाम होतात, म्हणजे झीज कमी झाली तरी देखभाल कमी होत नाही. आणि घाटात आणखी एक अडचण आहे. महाबळेश्वरला मुक्कामी बॅटरी पूर्ण चार्ज करून कुणी आंबेनळीत उतरू लागला, तर भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागाच नसते. मोटरचा हा आधार अशा वेळी कमी होतो किंवा बंद पडतो, आणि विजेच्या गाडीत इंजिनचा गिअरही नसतो. बारा लिटर पाणी उकळवणारी ती उष्णता मग वारा आणि टायर यांचा वाटा वगळता सगळी पॅड आणि शूवर येते. विजेची गाडी घेऊन घाट उतरायचा असेल तर वर बॅटरी शंभर टक्के भरू नये, ऐंशीवर थांबावे, आणि निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून बघावेत.